रक्तदाबाची ओहोटी

बंदी लागली, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली गेल्या, की जून महिन्यात आमच्या दवाखान्यात एक निराळी गर्दी सुरू होते. वर्षभर ज्यांना अंग दुखायलाही सवड नसते अशी मंडळी येऊ लागतात. कोणाचा खांदा, कोणाची कंबर, कोणाच्या तळहाताला दोराने कापलेली जुनी जखम. काही पावसाळ्यांपूर्वी असाच एक तांडेल खांदा दाखवायला आला. वय साठीच्या जवळ, दंड मात्र अजून तिशीतले. मी सवयीने दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब १७२/१०४. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा घेतला, १६८/१०२.

"डॉक्टरांनू, तुमचा ह्या मशीन बिघडला असतला," तो म्हणाला. "मी ल्हानपणापासून रापण ओढतंय. माका खयचा प्रेशर?"

वाचकहो, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही, काळजी मात्र वाटते. रापणकर म्हणतो, मी दोर ओढतो. शेतकरी म्हणतो, मी नांगर धरतो. मासळी विकणारी बाई म्हणते, मी डोक्यावर पाटी घेऊन फिरते. प्रेशर हा खुर्चीवर बसणाऱ्यांचा, मुंबईच्या चाकरमान्यांचा रोग. घाम गाळणाऱ्याला तो शिवत नाही, अशी आपल्या किनाऱ्यावर एक पक्की समजूत आहे. तिच्यात अर्धे खरे आहे. अर्धे खरे असते म्हणूनच ती इतकी चिवट आहे.

आधी रक्तदाबाविषयी थोडे. आपण रक्तदाब असा सांगतो, जणू तो चपलेचा नंबर आहे. 'माझा एकशे चाळीस.' पण तो एका जागी कधी उभा राहत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे, कारण रक्तदाबालाही भरती-ओहोटी असते. गाढ झोपेत, मध्यरात्रीनंतर तो सर्वांत खाली असतो. पहाटे जाग येण्याआधीच वर सरकू लागतो, उठल्यावर झपाट्याने चढतो आणि सकाळी उशिरापर्यंत भरती गाठतो. दुपारी जेवून आडवे झालात तर थोडी ओहोटी, संध्याकाळी पुन्हा लहानशी भरती आणि रात्री झोपेत मोठी ओहोटी. निरोगी माणसाचा झोपेतला सरासरी दाब दिवसाच्या सरासरीपेक्षा १० ते २० टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे दिवसा वरचा आकडा १३० असेल, तर झोपेत तो १०४ ते ११७ च्या दरम्यान यायला हवा.

ही गोष्ट कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची रीत रशियन शल्यविशारद कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. तेव्हापासून आम्ही डॉक्टर त्या क्षणाचा आकडा घेतो आणि त्यावरून माणसाचा आयुष्यभराचा हिशोब मांडतो. पुढे इंग्लंडात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हिंडत्या-फिरत्या, जेवत्या, झोपत्या माणसाच्या हातातील धमनीत बारीक नळी ठेवून त्याचा दाब सतत नोंदवला आणि १९६९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. एकाच माणसाचा दाब एका दिवसात किती खालीवर होतो, हे तेव्हा डोळ्यांना दिसले. १९८८ मध्ये डब्लिनचे डॉ. ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात रुग्णांचे दोन गट सांगितले. पहिल्या गटातल्यांचा दाब रात्री उतरतो, दुसऱ्यातल्यांचा उतरत नाही. मी त्यांना आपल्या भाषेत ओहोटीवाले आणि बिनओहोटीचे म्हणतो.

बिनओहोटीचे असणे वाईट का? होडी रोज पाण्यात असते, पण मधूनमधून वर ओढली जाते, वाळते, तिची डागडुजी होते. वर्षानुवर्षे पाण्यातच ठेवली तर फळ्या कुजतात. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे तसेच आहे. रात्री दाब उतरला की त्यांना तेवढाच विसावा मिळतो. ज्यांना तो मिळत नाही, त्यांच्यात पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार अधिक आढळतात. पुढे काय वाढून ठेवले आहे हे दिवसाच्या सरासरीपेक्षा रात्रीची सरासरी अधिक चांगले सांगते, हेही अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून रात्रीची मर्यादाही कडक आहे. चोवीस तासांच्या यंत्रावर दिवसाची सरासरी १३५/८५ च्या आत असावी, तर झोपेतली १२०/७० च्या आत.

सकाळच्या भरतीचे भयही खरे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत हृदयविकाराचे झटके दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होतात ते तपासले गेले. १९८५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रात्री अकराच्या तुलनेत सकाळी नऊच्या सुमारास झटका सुरू होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते.

आता तांडेलाकडे येऊ. त्याचे म्हणणे खोडून काढण्यापेक्षा ते तपासून पाहावे असे मला वाटले. शरीरश्रमाने रक्तदाब उतरतो, हे सिद्ध झालेले आहे. तुम्ही भरभर चालता तेव्हा पायांचे मोठे स्नायू तालात आकुंचन-प्रसरण पावतात, त्यांच्या रक्तवाहिन्या उघडतात. चालताना वरचा दाब थोडा चढतो, खालचा फारसा हलत नाही. गंमत पुढे आहे. चालणे थांबवल्यावर दाब पहिल्यापेक्षाही खाली जातो आणि पुढचे काही तास खालीच राहतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या चालण्याचा फायदा दिवसाचा मोठा भाग टिकतो. रोज चालणाऱ्याला तो रोज मिळतो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी नियमित चालणे, सायकल, पोहणे असा व्यायाम ठेवला तर वरचा आकडा सरासरी ५ ते ८ ने उतरतो. एखाद्या गोळीने जेवढे काम व्हावे, साधारण तेवढे हे काम आहे आणि त्याला मेडिकलच्या दुकानात जावे लागत नाही.

दोर ओढताना मात्र निराळे घडते. वाळूत टाचा रोवून, कंबर मागे टाकून, दात-ओठ खाऊन माणसे रापण ओढतात. स्नायू आवळलेले राहतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात, जोर लावताना श्वास कोंडला जातो. अशा वेळी वरचा आणि खालचा दोन्ही आकडे उसळी घेतात. कॅनडात १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी ठेवून हे मोजले गेले. दोन्ही पायांनी भारी वजन ढकलताना एका खेळाडूचा दाब ४८०/३५० पर्यंत गेला होता! ती तरुण, निरोगी माणसे होती आणि जोर सुटताच दाबही उतरला. पण साठीच्या माणसाच्या धमन्या तेवढ्या लवचीक नसतात, आणि त्याचा जोर एका दमात सुटत नाही. रापण किनाऱ्याला लागेपर्यंत तो तासन् तास चालू असतो.

डेन्मार्क, बेल्जियम इथल्या संशोधकांनी गेली काही वर्षे एक चमत्कारिक गोष्ट मांडली आहे. फावल्या वेळात आपखुशीने केलेली हालचाल हृदयाला चांगली, पण पोटासाठी केलेले जड काम तेवढे चांगले नाही. उलट अशा कामकऱ्यांचा चोवीस तासांचा दाब चढा आढळतो. कारण चालायला गेलेला माणूस थकला की थांबतो. कामकऱ्याला थांबता येत नाही. उन्हात, तहानेला, वाकून, उचलून, विश्रांतीशिवाय त्याचे काम चालते आणि दाब उतरायला उसंत मिळत नाही. यावर सगळ्यांचे एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतासह १७ देशांतील १ लाख ३० हजार लोकांची एक पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कामाची हालचाल आणि हौसेची हालचाल, दोन्ही उपकारकच ठरल्या. माझे मत विचाराल तर कष्ट वाईट नाहीत, आळसापेक्षा शंभरपट बरे. पण कष्ट म्हणजे रक्तदाबाचा विमा नव्हे. कष्टकऱ्याचा दाब वाढला, तर तो पट्टा बांधल्याखेरीज कळणार नाही, कारण त्याचे अंग कुरकुरत नाही. दंड तिशीतले दिसतात आणि धमन्या सत्तरीच्या झालेल्या असतात.

(जाता जाता एक विरोधाभास. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखे दोन मिनिटे राहणे, मध्ये विश्रांती, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. असा स्थिर व्यायाम काही आठवडे केल्यास बसल्या वेळचा दाब चांगला उतरतो, असा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. म्हणजे आवळलेला स्नायू शत्रूच असतो असे नाही. मोजून दिलेला जोर औषध ठरतो, न मोजता दिलेला ओझे. ज्यांचा दाब फार चढा आहे त्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि करताना श्वास कोंडू नये.)

आमच्या तांडेलाला मी शहरात पाठवून चोवीस तासांचे यंत्र लावायला सांगितले. हे यंत्र दिवसरात्र ठराविक अंतराने आपोआप फुगते आणि आकडे साठवते. दोन दिवसांनी तो कागद घेऊन आला. दिवसाची सरासरी १४८/९२, झोपेतली १४६/९०. ओहोटी जवळजवळ नाहीच. तेव्हा बंदीचा काळ होता, तो रापणीवर नव्हता, रात्री घरातच झोपला होता. मग ओहोटी गेली कुठे?

उत्तर अर्धे त्याच्या बायकोने दिले. "हे रातभर घोरतत. मधीच श्वास बंद होता, माका भिया वाटता." घोरता घोरता श्वास अडकणे हा झोपेचा आजार आहे. दर अडथळ्याला शरीर दचकते आणि दाब खाली यायच्या ऐवजी वर फेकला जातो. लाभलेली झोपही मग झोप राहत नाही. उरलेले अर्धे उत्तर जेवणात होते. पावसाळा म्हणजे सुक्या मासळीचे दिवस. खारे बांगडे, सुकट, पेजेबरोबर खारातला आंबा, वर लोणचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरणार नाही एवढे मीठ सांगते. पेजेच्या एका ताटलीत आपण त्यातले किती संपवतो याचा हिशोब घरोघरी करून पाहावा. दिवसा मूत्रपिंडांना हे मीठ बाहेर टाकता आले नाही, तर ते काम रात्रीवर पडते आणि त्यासाठी दाब चढाच ठेवावा लागतो. मीठ कमी केल्यावर बिनओहोटीच्या रुग्णांत ओहोटी परत आल्याचे जपानी डॉक्टरांनी १९९७ मध्ये दाखवले आहे. खाऱ्या बांगड्यावर मी बंदी घालत नाही, तेवढी माझी छाती नाही. पण तो तासभर पाण्यात भिजवून, पाणी बदलून, आठवड्यातून एखादे वेळी खावा.

रात्रीच्या मासेमारीला जाणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. त्यांच्या शरीरातले घड्याळ उजेडावर चालते आणि पोट जाळ्यावर. रात्रभर समुद्रात, पहाटे लिलाव, मग जाळी साफ करून दहा-अकराला झोप, तीही पत्र्याच्या उकाड्यात, पोरांच्या गलक्यात. अशा झोपेत दाब पुरता उतरत नाही. त्यावर जागे राहण्यासाठी तंबाखू आणि झोप येण्यासाठी दारू. मासळी विकणाऱ्या बायका पहाटे उठतात, पाटी वाहतात आणि मग बाजारात सहा-सात तास एकाच जागी बसून राहतात. त्यांचे चालणे पोटापुरते होते, अंगापुरते नाही. निवृत्त होऊन गावी आलेल्या चाकरमान्यांचे काय सांगावे! तीस वर्षे लोकल पकडायला धावलेला माणूस इथे येऊन पडवीत आरामखुर्ची टाकतो आणि उठतो तो थेट जेवायला.

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. आपला जिल्हा रक्तदाबाच्या बाबतीत मागासलेला नाही. 'भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात देशातील पाच राज्यांतले २५ जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे चार. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि औषध घराजवळ, ही त्याची पद्धत. आशाताई आणि परिचारिका यांनी दारोदार फिरून जे काम केले आहे त्याला तोड नाही. पण माझ्या पाहण्यात या नोंदींत बाया जास्त असतात आणि मच्छीमार पुरुष कमी. कारण साधे आहे. ओपीडी चालू असते तेव्हा तो समुद्रात तरी असतो किंवा झोपेत. आला तरी त्याचा सकाळी अकराचा आकडा म्हणजे रात्रपाळी करून आलेल्याचा आकडा. तो आणि रात्रभर झोपून ताजा उठलेल्या मास्तरांचा अकराचा आकडा, दोन्ही आम्ही एकाच मापाने मोजतो. भरती कधीची हे न विचारता पाणी किती आहे हे सांगण्यासारखे आहे ते.

तेव्हा दाब तपासायचा पट्टा बंदरावर गेला पाहिजे. संध्याकाळी होड्या निघण्यापूर्वी, लिलावाच्या जागी, रापणीच्या खोपीत. मच्छीमार सोसायट्यांनी एकेक यंत्र घ्यावे, एका होडीच्या डिझेलपुढे त्याची किंमत काहीच नाही. आणि नोंद करणाऱ्याने आकड्यापुढे दोन गोष्टी लिहाव्यात. झोपून उठल्याला किती तास झाले, आणि काल रात्री झोप लागली का. जून-जुलै हे दोन महिने त्यासाठी आयते मिळतात. माणसे घरी असतात, तेव्हा सगळ्या वाड्या पुऱ्या करता येतील.

घरी यंत्र असेल तर मोजण्याची रीत सांभाळा. आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा जास्त असेल तर दवाखान्यात या. रात्री काम करणाऱ्यांची 'सकाळ' म्हणजे ते झोपून उठतात ती वेळ, मग घड्याळात दुपारचे चार का वाजेनात.

चालायला कधी जावे, सकाळी की संध्याकाळी? लोक हे नेहमी विचारतात. संध्याकाळच्या व्यायामाने दाब थोडा अधिक उतरतो असे काही लहान अभ्यास सांगतात, पण त्यासाठी सकाळचे चालणे मोडू नये. जी वेळ रोज जमेल ती चांगली. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही एवढा वेग. पहाटे उठल्या उठल्या चिवल्याच्या वाळूत पळत सुटणारे काही उत्साही लोक मी पाहतो. ज्यांचा दाब चढा आहे त्यांनी तसे करू नये, पहिली दहा मिनिटे रमतगमत चालावे. छातीत दडपले, डावा हात भरून आला, अंधारी आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हाही वाद मध्यंतरी बराच गाजला. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये आला. सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात झटक्यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्या आणि रोज घ्या. दिवसाआड घेतलेल्या गोळीला कोणतीच वेळ लागू पडत नाही.

आमच्या तांडेलाने गोळी सुरू केली. कुशीवर झोपणे, दारू बंद, झोपेच्या आजाराची तपासणी, सगळे कुरकुरत का होईना केले. आणि बायकोच्या धाकाने रोज संध्याकाळी किनाऱ्याने अर्धा तास चालू लागला, हातात दोर नसताना. त्याला त्याची पहिल्यांदा लाज वाटे. "लोक इचारतत, खय चललास? आता काय सांगू, खयच नाय!" ऑक्टोबरात पुन्हा यंत्र लावले, तेव्हा झोपेतली सरासरी १२२/७४ होती. अजून मर्यादेच्या थोडी वर, पण ओहोटी दिसू लागली होती.

पुढच्या हंगामात त्याने स्वतःच्या वाट्याच्या पैशांतून यंत्र घेतले आणि रापणीच्या खोपीत ठेवले. गेल्या महिन्यात त्याने एका बत्तीस वर्षांच्या जवानाला माझ्याकडे पाठवले. १५४/९८. पोरगा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टरांनू, तांडेलाचा मशीन बिघडला हा." मी पट्टा गुंडाळू लागलो, तेवढ्यात तांडेलाचाच फोन आला. मशीन बरा आसा, त्येका सोडू नकात, एवढेच सांगून त्याने ठेवला.